आतड्यातील मोठा पॉलिप : मिळालेली वेळ वाया जाऊ देऊ नका

(आपल्या आदिवासी सेवाकार्याच्या त्रैमासिक सहविचार सभेत, गोवंडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर तिमाहीला मी आपल्यापुढे उभी राहते ती बालवाडीचा, वसतिगृहाचा किंवा शिलाईच्या वर्गाचा अहवाल घेऊन. आज विषय वेगळा आहे. आज मी शौचावाटे रक्त जाण्याविषयी आणि मोठ्या आतड्यात वाढणाऱ्या पॉलिपविषयी बोलणार आहे. काही जणांच्या माना आत्ताच खाली गेल्या, ते मला दिसते आहे. हरकत नाही. या विषयात खाली मान घालण्यानेच किती नुकसान होते, ते मला आज सांगायचे आहे.

मी डॉक्टर नाही. मी समाजकार्यकर्ती आहे, ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केला आहे, आणि गेली कित्येक वर्षे वाडीवरच्या रुग्णांना घेऊन मुंबईच्या रुग्णालयांच्या ओपीडीत बसते आहे. जे सांगणार आहे ते त्या बाकावर बसून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून शिकलेले आहे. भाषणाचे टिपण एका डॉक्टर भगिनीला दाखवून घेतले आहे.

मावशींची गोष्ट

कर्जत तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर आमच्या एक मावशी आहेत. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, म्हणून नाव सांगत नाही आणि वाडीचेही नाही. वय पंचावन्नच्या आसपास असेल. जन्माचा दाखला नाही. कातकरी समाज हा महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बल आदिवासी गटांपैकी एक, हे आपल्याला माहीत आहेच. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परतायचे, हे मावशींच्या घरचे वर्षाचे गणित.

आमच्या आरोग्य शिबिरात मावशींचे हिमोग्लोबिन सात भरले. धाप लागायची, पाय जड व्हायचे. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या शिबिरात पुन्हा सात, पुन्हा गोळ्या. दोन वर्षे हेच चालले. वाडीवर कोणाचे रक्त भरपूर असते? खायला पुरेसे नाही, पोटात जंत, बाळंतपणे झालेली. मला कारणे तोंडपाठ होती. त्यामुळे एक साधा प्रश्न मी कधी विचारलाच नाही : मावशी, रक्त कुठून जाते का?

एकदा नातीला दवाखान्यात दाखवायला त्या आमच्या गोवंडीच्या खोलीवर मुक्कामाला आल्या. सकाळी आमच्या एका बहिणीला चादरीवर रक्ताचा डाग दिसला. मावशींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, तेव्हा म्हणाल्या, “परसाकडे रगत पडतं ताई. थोरल्या नातीच्या लग्नाच्या आधीपासून.”

म्हणजे तीन वर्षे!

“मग मला सांगितलं का नाही?”

“असलं कुणाला सांगायचं? मूळव्याध म्हणून बाजारातल्या एकाकडं गेले होते. दोन शेळ्या इकल्या. त्यानं दोरा बांधला, पुड्या दिल्या.”

मूळव्याध, भगंदरावर हमखास इलाज अशा पाट्या आपल्या गोवंडीतही प्रत्येक नाक्यावर आहेत. शौचावाटे रक्त जाण्याचे सर्वांत सामान्य कारण मूळव्याध हेच आहे, हे खरे. पण मूळव्याध आहे असे म्हणण्याआधी कोणीतरी बोटाने तपासावे लागते आणि आत दुर्बिणीने पाहावे लागते. मावशींना कोणीच तपासले नव्हते. बाजारातल्या त्या माणसाने नाही आणि दोन वर्षे गोळ्या वाटणाऱ्या मीही नाही.

त्या रात्री मला मार्कच्या पाचव्या अध्यायातली ती स्त्री आठवली. बारा वर्षे रक्तस्राव, बऱ्याच वैद्यांकडे सगळा पैसा खर्च झालेला, आणि उघड बोलायची चोरी, म्हणून गर्दीतून मागून आलेली. या भागावर मी स्वतः कितीदा बायकांच्या सभेत बोलले आहे. आणि तशीच एक बाई दोन वर्षे माझ्या शिबिराच्या रांगेत उभी होती.

पॉलिप म्हणजे काय?

आपले मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी जादा मांसाची वाढ होते. हाच पॉलिप. आमच्या वाडीवरच्या बायकांना मी सांगते : पावसाळ्यात रानात अळंबी उगवते ना, देठावर टोपी घेऊन? काही पॉलिप तसे असतात, देठाचे. काही बिनदेठाचे, बसके असतात. आणि काही ओल्या दगडावर शेवाळ पसरावे तसे आतड्याच्या भिंतीवर चपटे पसरतात. हे चपटे ओळखायला सर्वांत अवघड आणि काढायलाही.

आकार लक्षात ठेवायला सोपे आहे. अर्ध्या सेंटीमीटरचा पॉलिप म्हणजे तुरीचा दाणा. एक सेंटीमीटर म्हणजे वाटाणा. इथून पुढे डॉक्टर त्याच्याकडे गंभीरपणे बघतात. दोन सेंटीमीटर किंवा जास्त म्हणजे टपोऱ्या जांभळाएवढा, आणि तो मोठा पॉलिप. मावशींचा चार सेंटीमीटरचा होता, लिंबाएवढ्या रुंदीचा, आणि चपटा.

सगळे पॉलिप सारखे नसतात. लहान मुलांना शौचावाटे रक्त जाते तेव्हा पुष्कळदा देठाचा एकच पॉलिप असतो, आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो. मोठ्या माणसांत ज्याची काळजी करायची तो प्रकार म्हणजे अडेनोमा. त्याच्या पेशी कॅन्सरच्या दिशेने एक पाऊल टाकलेल्या असतात, पण तो कॅन्सर नसतो. बहुतेक अडेनोमा आयुष्यभर कॅन्सर होत नाहीत. मात्र मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशा पॉलिपमधूनच सुरू होतात. आकार वाढतो तसा धोका वाढतो. एक सेंटीमीटरपेक्षा लहान पॉलिपमध्ये कॅन्सर क्वचितच सापडतो. दोन सेंटीमीटरच्या पुढे ती शक्यता दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही.

आता यातली चांगली बातमी ऐका. लहान पॉलिपपासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास साधारणपणे दहा वर्षांचा किंवा त्याहून लांबचा असतो. फार थोडे रोग माणसाला एवढी सवलत देतात. या काळात पॉलिप काढला, तर तो कॅन्सर होण्याआधीच संपतो.

अडचण अशी की या दहा वर्षांत बहुतेकांना काहीच होत नाही. दुखत नाही, खुपत नाही. मोठा झाला की कधी रक्त पडते, कधी शेंबडासारखा चिकट स्राव जातो, कधी पाण्यासारखे जुलाब होतात. कधी डोळ्याला रक्त दिसतही नाही, थेंब थेंब झिरपत राहते आणि माणूस फक्त पांढरा पडत जातो. म्हणून डॉक्टर सांगतात : पाळी गेलेल्या बाईचे किंवा कुठल्याही वयाच्या पुरुषाचे लोह कमी होत असेल, तर गोळ्या द्याच, पण रक्त कुठे जाते तेही शोधा.

दोन मोठी माणसे

हा गरिबांचाच रोग आहे असे समजू नका. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या आतड्यात आधीच्या तपासण्यांत लहान पॉलिप सापडला होता. 12 जुलै 1985 रोजी संपूर्ण आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा अगदी आतल्या टोकाला एक मोठा पॉलिप निघाला. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करून आतड्याचा तेवढा भाग काढला. तपासणीत त्यात कॅन्सर निघाला, पण तो वेळेत निघाला होता. त्यानंतर रेगन जवळजवळ एकोणीस वर्षे जगले. शिकायचे ते हे की दाराशी एक पॉलिप दिसला, तर सगळे घर तपासावे.

दुसरे, पोप जॉन पॉल दुसरे. 1986 साली ते भारतात आले होते; आपल्यापैकी काहींनी त्यांना मुंबईत पाहिलेही असेल. जुलै 1992 मध्ये एका रविवारी, प्रार्थनेसाठी जमलेल्या लोकांना त्यांनी स्वतःच सांगितले की आज संध्याकाळी मी तपासण्यांसाठी रुग्णालयात जात आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा. 15 जुलैला रोमच्या जेमेली रुग्णालयात त्यांच्या आतड्यातून संत्र्याएवढी गाठ काढली. तोही एक मोठा अडेनोमाच होता. त्याच्या काही पेशी बदलू लागल्या होत्या, पण गाठ पसरलेली नव्हती. पुढे ते 2005 पर्यंत जगले. जगभर ज्यांचा शब्द ऐकला जातो त्यांना आपले दुखणे चौकात सांगायची लाज वाटली नाही. मग आपल्या मावशींना, आपल्या वडिलांना ती का वाटावी? आपण त्यांना तशी सवय लावली म्हणूनच ना?

या दोघांचेही पोट उघडावे लागले. 1969 साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या डॉक्टरांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास आत घालून पॉलिप काढायला सुरुवात केली. तेव्हापासून ही विद्या इतकी पुढे गेली आहे की आज कॅन्सर न झालेले बहुतेक मोठे पॉलिपही पोट न फाडता निघू शकतात. पण त्यासाठी तसा हात हवा.

पहिली चूक

मावशींना आम्ही आधी त्यांच्या सोयीच्या एका लहान दवाखान्यात नेले. तिथे एनिमा देऊन खालच्या भागात दुर्बीण घातली. गाठ दिसली. तिचे तुकडे तपासायला घेतले, महिन्याने पुन्हा घेतले. अहवालात कॅन्सर नव्हता. तरी आम्हाला सांगण्यात आले की गाठ मोठी आहे, आतडे कापावे लागेल, कदाचित पोटाला पिशवी लावावी लागेल.

मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खोलीवर नव्हत्या. पहाटेच्या गाडीने वाडीवर निघून गेल्या होत्या. “पिशवी लावून भट्टीवर कोण ठेवील मला? मरंन ती वाडीवर मरंन,” असा निरोप आला. त्यांना परत आणायला चार महिने गेले.

पुढे परळच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “तुकडे किती वेळा घेतले?” तेव्हा मला कळले. चपट्या मोठ्या पॉलिपचे पुन्हा पुन्हा तुकडे घेतले, किंवा तो अर्धवट काढून सोडला, तर खाली व्रण धरतो. मग तो भिंतीला घट्ट चिकटतो आणि नंतर सुटा करणे कठीण होते. म्हणून मोठा पॉलिप दिसला की त्याचा फोटो घ्यावा, जागा लिहून ठेवावी, आणि जिथे असे पॉलिप नेहमी काढतात तिथे रुग्णाला पाठवावे. पॉलिपचा पृष्ठभाग बारकाईने पाहूनच जाणकार डॉक्टरांना पुष्कळ कळते. मध्ये खड्डा आहे का, जखम आहे का, वरची नक्षी बिघडली आहे का, यावरून आत कॅन्सर खोल गेला असावा की नाही याचा अंदाज येतो.

खोली का महत्त्वाची? आतड्याच्या भिंतीला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर असतात. वाढ सर्वांत आतल्या थरापुरती असेल तर ती दुसरीकडे पसरत नाही. दुर्बिणीतून काढली की काम झाले. ती खालच्या थरात खोल उतरली असेल, तर लसिकाग्रंथींपर्यंत जाऊ शकते. मग शस्त्रक्रियाच हवी, आणि तिला घाबरून पळून जाऊ नये. पण निव्वळ पॉलिप मोठा आहे एवढ्यासाठी कोणी आतडे कापायला सांगत असेल, तर नम्रपणे एक प्रश्न विचारा : “साहेब, हा दुर्बिणीतून निघेल का? असे काढणाऱ्यांना एकदा दाखवू का?” हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

एका रात्रीचा संडास

आता मी जे सांगणार आहे ते कुठल्याही आरोग्यपत्रकात छापलेले नसते.

दुर्बिणीच्या तपासणीआधी आतडे अगदी स्वच्छ लागते. दोन दिवस बिया, पालेभाजी, नाचणी बंद. पांढरा भात, वरणाचे पाणी चालते. आदल्या दिवशी फक्त पातळ. मग औषधाची पूड पाण्यात कालवून लिटरच्या लिटर प्यायची, अर्धी संध्याकाळी आणि अर्धी पहाटे. जुलाब होत होत शेवटी नितळ पिवळसर पाणी आले पाहिजे. मळ राहिला तर चपटा पॉलिप त्याखाली लपतो, आणि तो काढायचा असेल तर डॉक्टर हातही लावू शकत नाहीत.

आमच्या गोवंडीच्या खोलीला स्वतंत्र संडास नाही. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक आहे, रात्री त्याला कुलूप लागते. दिवसा प्रत्येक वेळेला सुटे पैसे द्यायचे आणि रांग लावायची. मावशींनी पहिला तांब्या प्यायला, चार फेऱ्या झाल्या, कुलूप लागायची वेळ झाली, तशी त्यांनी बाकीचे औषध गुपचूप मोरीत ओतून दिले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. त्यात माझ्या लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. त्या आठवडाभर आधी थांबवायच्या असतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. ते मला कागदावर लिहून दिले होते आणि मी वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आत पाहिले आणि दुर्बीण बाहेर काढली. “साफ नाही. पुढची तारीख घ्या.” पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली.

तेव्हा मी आपल्या मंडळीतल्या एका भगिनीला फोन केला. त्या आज इथे बसल्या आहेत, त्यांना नाव घेतलेले आवडणार नाही. मी म्हणाले, पैसे नकोत, तुमच्या घरचा संडास एका रात्रीसाठी हवा आहे. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “घेऊन या.” त्यांनी मुलाला हॉलमध्ये झोपवले, मावशींना संडासाजवळची खोली दिली, औषध बर्फाच्या पाण्यात कालवून थंड करून दिले आणि पहाटे तीन वाजता उठून दुसरा डोस पाजला. मावशी नंतर मला म्हणाल्या, “ताई, त्या बाईनं मला कडी लावू दिली नाही. म्हणाली, चक्कर आली तर? दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती.”

बंधू-भगिनींनो, ती सेवा देणगीच्या कुठल्या पावतीवर लिहायची?

पॉलिप कसा काढला?

त्या सकाळी मावशींचे आतडे स्वच्छ होते. गुंगीचे इंजेक्शन दिले. डॉक्टरांनी नंतर मला पडद्यावरचे फोटो दाखवून समजावले. पॉलिपच्या खाली बारीक सुईने निळा रंग मिसळलेले पाणी टोचतात. त्याने पॉलिप पुरी फुगावी तसा वर उचलला जातो, आणि खालच्या भिंतीत व त्याच्यात गादी तयार होते. मग तारेचा फास त्याच्याभोवती आवळून विजेच्या प्रवाहाने कापतात. देठाचा पॉलिप एकाच फासात निघतो. देठ जाड असेल तर रक्त येऊ नये म्हणून आधी टोचतात किंवा चिमटा लावतात. चपटा मोठा असेल तर तो भाग भाग करून काढावा लागतो. शेवटी राहिलेल्या कडा चटका देऊन जाळतात, म्हणजे पुन्हा उगवण्याची शक्यता कमी होते.

आणखी एक पद्धत जपानी डॉक्टरांनी विकसित केली आहे. तिच्यात बारीक सुरीने सगळा पॉलिप अखंड सोलून काढतात. तिला वेळ जास्त लागतो आणि हात फार तयार लागतो. आत नुकताच, वरच्या वर कॅन्सर सुरू झाला असेल अशी शंका असते, तिथे ती विशेष उपयोगी.

मावशींच्या पॉलिपचा एक कोपरा फुगलाच नाही. जिथे आधी तुकडे घेतले होते तोच कोपरा. तिथे डॉक्टरांना बराच वेळ झगडावे लागले. पण निघाला. पोटावर एक टाकाही नाही, पिशवी नाही.

या उपचारात जोखीम नाहीच असे मी म्हणणार नाही. शंभरातल्या थोड्या रुग्णांना नंतर रक्तस्राव होतो, आणि तो दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. क्वचित आतड्याला छिद्र पडते. म्हणून मावशींना आम्ही दोन आठवडे वाडीवर जाऊ दिले नाही. त्यांच्या वाडीवर रात्री गाडी मिळत नाही. रोज कुरकुरायच्या, “इथं ना झाड ना वारा, नुसता कचऱ्याचा वास.” देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणाऱ्या आम्हाला त्यावर काय बोलावे सुचायचे नाही.

तुकड्यांचा अहवाल आला : अडेनोमा, पेशी बऱ्याच बिघडलेल्या, कॅन्सर नाही. डॉक्टर म्हणाले, “अगदी दारात पकडला.” आणि केसपेपरवर खाली लिहिले : सहा महिन्यांनी दुर्बीण.

सहा महिन्यांची तारीख

मला आज सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे ते या एका ओळीविषयी.

तुकड्यातुकड्याने काढलेल्या मोठ्या पॉलिपचा एखादा कण मागे राहतो आणि तिथे तो पुन्हा उगवतो. कडा जाळल्या नाहीत तर साधारण पाचसहा जणांत एकाला तसे होते. उगवलेला कोंब सहा महिन्यांत पाहिला तर लहान असतो, पाच मिनिटांत निघतो. न पाहिला तर पुन्हा तोच सगळा प्रवास. म्हणजे काढणे हे अर्धे काम आणि परत येणे हे उरलेले अर्धे.

मावशींच्या आधी आम्ही असेच एक काका आणले होते, दुसऱ्या वाडीवरचे. त्यांचाही मोठा पॉलिप दुर्बिणीतून निघाला, जून महिन्यात. आम्ही आनंदाने उपकारस्तुती केली आणि तुमच्यासमोर त्याचा अहवालही दिला. सहा महिन्यांनी म्हणजे डिसेंबर. डिसेंबरात काका भट्टीवर. उचल घेतलेली, मुकादम सोडेना, फोन नाही. मी दोनदा निरोप पाठवला आणि पुढच्या कामाला लागले. त्यांना काही त्रास नव्हता, त्यामुळे त्यांनाही घाई नव्हती. दोन वर्षांनी त्यांना आणले तेव्हा पोट फुगलेले, शौच बंद. कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलाने मला विचारले, “ताई, तेव्हा तर तुम्ही म्हणाला होतात, बरं झालं.” त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. बरे झाले असे मी अर्ध्या कामावरच म्हटले होते.

म्हणून मावशींची तारीख आम्ही खोलीच्या भिंतीवर खडूने मोठी लिहिली. ती नोव्हेंबरअखेरची होती आणि तोवर त्या भिवंडीजवळच्या भट्टीवर पोचल्या होत्या. मी स्वतः गेले. मुकादमाशी बोलले. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, न्या, पण चार दिवसांचा खाडा पडेल. तो खाडा आपल्या मंडळीने भरून दिला. पुन्हा त्याच भगिनीच्या घरी एक रात्र. आत पाहिले तर जुन्या व्रणावर, त्याच हट्टी कोपऱ्यात, मसुरीच्या दाण्याएवढा कोंब उगवला होता. तो तिथल्या तिथे काढला. त्याच्या पुढच्या वर्षी पाहिले तेव्हा जागा स्वच्छ होती. आज मावशींचे हिमोग्लोबिन अकराच्या वर आहे आणि वाडीवर कोणाला रक्त पडते असे कळले की त्याच मला फोन करतात.

आपण काय करावे?

वाड्यांवरच्या बहिणींनो, फिकट माणूस दिसला की गोळी देण्याआधी विचारा : शौचाला रक्त पडते का, चिकट जाते का, शौचाची सवय बदलली का, वजन उतरले का? बाईला बाईने विचारावे, पुरुषाला पुरुषाने. घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर किंवा मोठा पॉलिप झाला होता का, हेही विचारा. असेल तर त्यांच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी साधारण चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, डॉक्टरांना दाखवावे. मावशींच्या थोरल्या मुलाचे नाव आमच्या वहीत आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड तयार ठेवा, आणि रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राची खिडकी आधी गाठा.

मंडळीतल्या बंधू-भगिनींनो, तुमच्यातही पन्नाशी ओलांडलेले पुष्कळ आहेत. सरकारच्या तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर पाहतात. आतड्याचे आपले आपण विचारावे लागते. शौचातले न दिसणारे रक्त शोधायची साधी चाचणी असते, तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला. रक्त दिसत असेल तर चाचणीची वाट न पाहता जा.

आणि सेवाकार्यासाठी मी आज तीन गोष्टी मागते. पहिली, चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, देवनार या भागांतली सहा घरे, जी वर्षातून एक-दोन रात्री आपला संडास आणि एक खाट देतील. दुसरी, रुग्ण परत येतो त्या दिवसांच्या खाड्याचे पैसे. औषधाचे पैसे कुठूनतरी उभे राहतात, बुडालेल्या मजुरीचे कोणी देत नाही. तिसरी, तारखांची वही सांभाळणारी एक व्यक्ती, जी सहा महिन्यांनी फोन करील, फोन लागला नाही तर मला हलवील, आणि मी पुढच्या कामाला लागले असेन तर मला रागवील. मला याची गरज आहे, हे मी काकांच्या घरी शिकले.

सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे. आत्ता तिच्यात चार रुग्णांच्या तारखा आहेत. पहिली तारीख पुढच्या महिन्यातली आहे, आणि त्या दादांना रात्रभरासाठी अजून घर मिळालेले नाही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. सलाम.